जिन्यातलं पारायण

“वाचताना आपल्या पदरचं काही घालू नको, पोरी. लिवलंय तेवढंच वाच. अन् भ्या वाटलं तरी आवाज पडू देऊ नको. लोक तुझ्या आवाजाला धरून बसल्यात.”

हा आवाज रामकिशनचा, पंचशीलाच्या बापाचा. किनवटच्या जंगलाकडेच्या त्यांच्या गावात, पत्र्याच्या विहारात, वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं. एका वर्षी वाचणाऱ्या गुरुजींची बदली झाली आणि ग्रंथ शाळकरी पंचशीलाच्या मांडीवर आला. समोर दिवसभर निंदून दमलेल्या बाया, आणि पाठीशी बाप. बाप जाऊन आता किती तरी वर्षं झाली. आवाज मात्र कुठंही पुस्तक उघडलं की तिच्या पाठीशी येऊन बसतो.

आजही तो आला होता. लातुरात, एका भाड्याच्या इमारतीच्या जिन्यात. कारण वाचता वाचता पंचशीलाचा आवाज खरोखरच पडला होता.

“थांबल्या कामून, लुंबिनीच्या आई?” केवळाबाईनं सुपातले खडे वेचता वेचता मान वर केली. “मढं उठून बसलं. फुडं?”

“फुडं...” पंचशीलानं ओळीवर बोट टेकवलं. “मढं म्हणालं, ‘सर, या बाकावरची सगळी पोरं झोपलीत. उत्तर मी देऊ का?’”

“अय्यो!” गौरम्माच्या मांडीवरचा लसूण पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. तिघी अशा हसल्या, की वरच्या मजल्यावरून मालक अमृतराव कठड्यावर वाकले.

“बाई, जराक हळू. लेकरं अभ्यास करून राहिलीत.”

“इथं मढी अभ्यास करून राहिलीत, मालक!” केवळाबाई म्हणाली, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून पुन्हा हसायला लागली.

शिकवण्यांच्या त्या गल्लीत प्रत्येक खोलीत एक आई आणि एक लेकरू राहायचं. बाप गावाकडं, नोकरीला नाही तर शेताला धरून. लेकरू पहाटे उठून शिकवणीला, तिथून कॉलेजात, तिथून पुन्हा शिकवणीला. आईनं डबा करायचा, नळाचं पाणी भरायचं, आणि मधल्या लांबच लांब दुपारी जिन्यात येऊन बसायचं, कारण वारा तेवढाच जिन्यात यायचा. इथं आयांना नावं नव्हती. चाकूरकडची केवळाबाई म्हणजे हरिओमची आई. निलंग्याकडची गौरम्मा म्हणजे महांतेशची आई, वयानं थोरली म्हणून सगळ्यांची अक्का. गावाकडं या तिघी एका ओट्यावर टेकल्या असत्या की नाही, कुणास ठाऊक. जिना मात्र सगळ्यांचा एकच होता.

पुस्तक आणलं केवळाबाईनं. गल्लीच्या तोंडाशी जुन्या गाइडांचा गाडा लागायचा. तिथं हरिओमसाठी भौतिकशास्त्राचं गाइड घेताना तिला ढिगात हे दिसलं. मुखपृष्ठावर कॉलेजची इमारत, पुढं पांढरा कोट घातलेली पोरं. “डाक्टरच्या कालेजातलं पुस्तक हाय,” ती घेऊन आली ती उड्या मारतच. “आपली लेकरं जिथं जाणार, तिथं काय काय असतंय ते तर कळंल! तुमाला वाचायची सवय हाय. तुमी वाचा, आमी ऐकतो.”

पहिल्या दिवशी तिनं पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. पंचशीला म्हणाली, “ताई, कादंबरी हाय ही. गोष्टीचं पुस्तक.”

“असंना का. ग्रंथ तो ग्रंथ.”

कादंबरी भुताखेतांची होती, पण भुतं तऱ्हेवाईक. वैद्यकीय कॉलेजात चिरफाडीला आणलेली प्रेतं त्या कॉलेजातला अभ्यास ऐकून ऐकून हुशार होतात. पोरं रात्रंदिवस घोकून इतकी थकलेली, की वर्गात डुलक्या देतात. प्रेतं मात्र ताठ. प्राध्यापकांना प्रेतं आवडायला लागतात. ती शंका विचारत नाहीत, बाहेर बघत नाहीत, हजेरीला चुकत नाहीत. होस्टेलचा रेक्टर त्यांना उशिरा आल्याबद्दल दम देतो, “मेलात म्हणून काय नियम मोडाल?” मग हळूच अदलाबदल सुरू होते. परीक्षेत जो मागं पडला, तो चिरफाडीच्या फळीवर जाऊन निजतो, आणि त्याच्या जागी एक प्रेत त्याचा कोट घालून बाकावर बसतं.

आठवडाभर जिन्यात हसण्याची चंगळ होती. मढं उठून बसलं तेवढा क्षण सोडला, तर कुणालाच भीती वाटली नाही. मढ्याला मेसची आमटी पातळ लागते, मढं कँटीनमध्ये उधारी मागतं, असल्या गोष्टींना भ्यायचं कशाला?

मग सुटीचा अध्याय आला. त्यात एक प्रेत एका पोराच्या नावानं दिवाळीला त्याच्या घरी जातं.

पंचशीला वाचत होती, “‘आई म्हणाली, पोरगा किती सुधारला! उलटून बोलत नाही. मोबाइल मागत नाही. ताटात पडेल ते खातो. काही विचारलं की हो म्हणतो. बाप म्हणाला, कॉलेजनं वळण लावलं बघ. फक्त पंख्याखाली बसला की जरा वास येतो. तिकडचं पाणी असेल.’”

केवळाबाई खो खो हसली. बसल्या जागी ताल धरून तिनं जात्यावरच्या चालीत दोन ओळी जुळवल्या:

“डाक्टर बाळ माझा, निजला फळीवरी
मढं गं आलं घरी, पेढे खाया...”

गौरम्मानं टाळी दिली. आणि मग तिघींचं लक्ष कठड्याखाली गेलं. खालच्या गल्लीतून एका क्लासची सुटलेली पोरं चालली होती. पाठीवर दप्तर, मान खाली, एकामागं एक. इतकी पोरं, पण एकाचाही आवाज नाही.

“काय बाई,” केवळाबाई सूप झटकत म्हणाली, “वंगाळच लिवलंय.”

त्या संध्याकाळी लुंबिनी घरी आली, चप्पल सरळ लावून ठेवली, हातपाय धुतले आणि पानावर बसली.

“टेस्ट झाली?”

“हो.”

“बरी गेली?”

“हो आई.”

पंचशीलाच्या हातातली पळी तशीच राहिली. हेच ‘हो आई’ ऐकून ती इतके महिने सुखात होती. शेजारणींना सांगायची, माझी पोरगी लई समजूतदार झाली. आणि आधीची लुंबिनी? वांग्याची भाजी दिसली की ताट सरकवणारी. बापाशी भांडून पैनगंगेच्या वाटेला लागणारी आणि अर्ध्या वाटेतून भूक लागली म्हणून परत येणारी. शाळेतून आली की दारातूनच सुरू होणारी, की आई ऐक ना, आई ऐक तर. मागच्या वर्षी डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला, नंबर हुकला, त्या दिवशी ती न्हाणीत जाऊन कडी लावून बसली. बाहेर आली ती डोळे कोरडे करून. म्हणाली, “पुन्हा बसते.” तेव्हापासून लुंबिनी भांडली नव्हती. पंचशीला महिन्यांचा हिशेब लावू लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं भाजीत मीठ घातलंच नाही.

मुद्दाम. हे ती कुणाला सांगू शकली नसती. लुंबिनीनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला.

“कशी झाली?”

“छान.”

त्याच्या पुढच्या दिवशी पंचशीलानं मीठ दुप्पट घातलं. लुंबिनी पाणी पीत पीत जेवली. ताट स्वच्छ केलं. “छान झाली आई,” म्हणाली आणि पुस्तकावर वाकली. पंचशीला नंतर स्वतः जेवायला बसली तेव्हा तिला तो घास गिळवेना. पोरीनं ताट भिरकावलं असतं, ‘काय खारट करून ठेवलंस’ म्हणून ओरडली असती, तर आईनं त्या ओरडण्यावरून जीव ओवाळून टाकला असता.

तिनं किनवटला नवऱ्याला फोन लावला. आनंदराज आश्रमशाळेत लिपिक होता. हातानं करून खात होता आणि भेटेल त्याला सांगत होता की लेक डॉक्टर होऊन राहिली.

“लुंबिनी बोलत न्हाई हो.”

“म्हणजे? भांडली का?”

“भांडत न्हाई, तेच तर. विचारलं तेवढं हो म्हणती.”

“मग चांगलंच हाय की! अक्कल आली. तू उगी तिचं ध्यान मोडू नको. इकडली फिकीर करू नको, मी आज पिठलं केलं.”

पंचशीलाला वाटलं, पंख्याखालच्या वासाबद्दल तेवढं हा माणूस अजून बोलला नाही. तिला हसू आलं. ते त्याला ऐकू जाण्याआधी तिनं फोन ठेवून दिला.

जिन्यात ती म्हणाली, “आता बस करू या हे पुस्तक. दुसरं काही वाचू.”

“अर्ध्यात?” केवळाबाईचा चेहराच उतरला. “अवो, लेकरांची परीक्षा तोंडावर हाय. पारायण अर्ध्यावर सोडलं तर बाधंल.”

“ताई, हे पारायण न्हाई. अन् बाधाबिधा काही नसती.”

“तुमच्यात नसंल. आमच्यात असती.” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “हरिओमला खालच्या बॅचला टाकलं, लुंबिनीच्या आई. रविवारच्या टेस्टला उलटी झाली त्याला, पेपरवरच. आता मी आणिक काही अर्धं सोडून कसं चालंल? तुमच्या पाया पडते, पण शेवट करा.”

पंचशीलाच्या घरात उपास नव्हते, नजर काढणं नव्हतं. बापानं तिला घाबरायचं नाही एवढंच शिकवलं होतं. पण समोर बाई हात जोडून बसली असताना कुठल्या शब्दांनी नाही म्हणायचं, ते त्यानं शिकवलं नव्हतं. गौरम्मा नुसती पुस्तकाकडं बघत बसली, देवळात गाभाऱ्याकडं बघावं तशी. पंचशीलानं पान उलटलं.

त्यानंतर कुणी हसलं नाही. मढी तेवढीच विनोदी राहिली, पण ऐकणाऱ्या आयांची तोंडं बदलली. रोज एक अध्याय व्हायचा. लेकरं एकेक करून फळीवर जायची. वाचताना पंचशीलाला वाटायचं, आपण एक बैलगाडी उताराला लावून बसलो आहोत. खाली काय आहे ते दिसतं आहे, कासरा हातात आहे, आणि कासऱ्याचा उपयोग नाही.

शेवटच्या अध्यायाच्या दिवशी लुंबिनी दुपारीच घरी आली. अंग कसकसतंय, म्हणाली. आत चटईवर पडली. पंचशीलानं तिच्या कपाळाला हात लावला, दार अर्धं लोटलं आणि जिन्यात येऊन बसली. केवळाबाईनं साखर आणली होती, समाप्तीला वाटायला.

शेवटी काय होतं? ती दिवाळीतली आई लाडवांचा डबा घेऊन कॉलेजात जाते. लेकाला सोनेरी मेडल मिळालं म्हणून. वाट चुकते आणि चिरफाडीच्या खोलीत शिरते. तिथं फळीवर तिचा लेक. उघडा, गार, पण डोळे जिवंत. तो म्हणतो, “आई, डब्यात काय हाय?” तेवढ्यात मागून डीन येतात, शेजारी मेडल घातलेला दुसरा. डीन फार सभ्य माणूस. ते म्हणतात, “बाई, गैरसमज नको. दोन्ही आपलेच. पण नियमानं एकच नेता येईल. हा पहिला आलेला आहे. हा नापास आहे. कोणता देऊ?”

पंचशीला थांबली. पुढं एकच ओळ होती आणि तिच्याखाली कोरा कागद.

‘बाई म्हणाली, घरी विचारून सांगते.’

तिनं ती ओळ डोळ्यांनी वाचली आणि वर पाहिलं. केवळाबाईनं साखरेची वाटी छातीशी धरली होती. तिचे ओठ हलत होते. गौरम्मानं डोळे मिटले होते. पाठीशी बापाचा आवाज आला. लिवलंय तेवढंच वाच, पोरी.

पंचशीलानं जन्मात पहिल्यांदा तो आवाज मागं सारला.

“‘बाई म्हणाली,’” ती वाचू लागली, कोऱ्या कागदावर बोट फिरवत, “‘मेडल तुमच्यापाशी राहू द्या. हे माझं लेकरू. तिनं त्याला चादरीसकट उचललं. तो मोठा झाला होता, उचलंना, तरी उचललं. बाहेर ऊन होतं. उन्हात बसवून तिनं त्याला लाडू भरवला. त्याच्या अंगात ऊब आली. तो म्हणाला, आई, साखर कमी हाय. ती म्हणाली, माझ्या राजा, आणिक घालते.’ ... संपलं.”

केवळाबाई हुंदके देऊन रडली. रडता रडता तिनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. “बघा, म्हटलं न्हवतं? शेवट गोडच असतो,” म्हणाली. गौरम्मानं पंचशीलाच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग दोघी आपापल्या खोल्यांकडं गेल्या, संध्याकाळच्या पाण्याला, कणकेला.

पंचशीला पुस्तक मांडीवर मिटून तशीच बसली. मागं दार करकरलं.

“आई, त्या बाईनं असं न्हाई केलं.”

लुंबिनी उंबऱ्यात उभी होती. अंगावर चादर, केस विस्कटलेले.

“तू वाचलंस?”

“हाव. तू नळावर जातीस ना, तवा. थोडं थोडं.”

कितीतरी महिन्यांनी पोरीनं घरची बोली काढली होती. पंचशीलाला ते लक्षात आलं, पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पाखरू जवळ येऊन बसावं आणि माणसानं श्वास रोखावा, तशी ती राहिली.

“हसलीस का?”

“लई हसले.” लुंबिनी येऊन आईच्या खालच्या पायरीवर बसली. “त्या मढ्याला. मला वाटलं, बरं हाय त्याचं. त्याला उत्तरं तरी येत्यात.”

पंचशीलाला विचारायचं होतं, आणि विचारलं तर उत्तर येईल याची भीती होती. उत्तर आलं तर पुढं काय? गावात काय सांगायचं, आनंदराजला काय सांगायचं, हे वर्ष, ही खोली, त्या सगळ्याचं काय करायचं? आणि हे मनात आलं तेव्हाच तिला कळलं, की लाडवांचा डबा घेऊन उभी असलेली ती बाई काही फार वेगळी नव्हती. तिला आत्ता कुणी विचारलं असतं, तर तिनंही घराचंच नाव पुढं केलं असतं. तिला स्वतःची शिसारी आली. हात कुठं ठेवावे कळेना म्हणून तिनं पायरीवरची लसणाची सालं गोळा करायला घेतली.

“शेवट कामून बदललास?” लुंबिनीनं विचारलं.

“केवळाताईचं तोंड बघवंना.”

“त्यांच्यासाठी?”

पंचशीलानं मान हलवली. नाही म्हणून. सालं तिच्या मुठीत चुरली.

खाली गल्लीत दिवे लागले. चौकातल्या फलकावर मागल्या वर्षीच्या पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे चेहरे उजळले. एका क्लासची घंटा झाली, दुसऱ्याची झाली. लुंबिनीची तिसरी होती. ती झाली तरी पोरगी उठली नाही. चादर घट्ट ओढून तिनं गुडघ्यात तोंड घातलं, म्हणून तिचा आवाज आला तो दबलेला, लांबून यावा तसा.

“तू घर सोडून आलीस. बाबा हातानं करून खायलेत. मनून बोलले न्हाई.”

“बोल ना, बाई.”

“मी वर्गात असते ना, आई, सर बोलायलेत ते दिसतंय. फळ्यावर लिवल्यालं दिसतंय. पर त्यातलं काहीच माझ्यापत्तोर येत न्हाई. दिवाळीपासून. मी नुसती बसून येते.”